जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: आधी परतीची वाट, मग फ्लॅशिंग

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आता गल्लोगल्ली फायबर आलं आहे. केबलवाला जोडणी देताना स्वतःचा डबा बसवून जातो आणि आधीचा राउटर कपाटावर पडतो. एप्रिल-मेच्या वळवात वीज पडून एखादा पोर्ट जळाला म्हणून बाजूला ठेवलेले राउटर तर जवळजवळ प्रत्येक गल्लीत निघतील. हे डबे भंगारात घालू नका. प्रत्येकाच्या आत एक छोटा लिनक्स संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, साठवणुकीसाठी फ्लॅश चिप आहे आणि रेडिओ आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर काढून तिथं ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त लिनक्स यंत्रणा बसवली, की हा डबा तुमच्या मर्जीनं वागायला लागतो आणि लिनक्स शिकायला याहून स्वस्त यंत्र मिळणं कठीण.

ओपनडब्ल्यूआरटीची सुरुवातही एका घरगुती राउटरवरच झाली. लिंकसिसनं २००२ च्या डिसेंबरमध्ये डब्ल्यूआरटी५४जी बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स असल्याचं हौशी लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना जीपीएल, म्हणजे बदललेला सोर्स कोड खुला करणं बंधनकारक. २००३ मध्ये कंपनीनं तो खुला केला आणि २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं डब्ल्यूआरटी त्या राउटरचंच आहे.

या लेखात पायऱ्या क्रमानं दिल्या आहेत आणि तो क्रम महत्त्वाचा आहे. नवखे लोक आधी नव्या फर्मवेअरची (राउटरमधल्या सॉफ्टवेअरची) फाइल चढवतात, म्हणजे फ्लॅशिंग करतात, राउटर बंद पडला की मग तो परत कसा आणायचा ते शोधतात. तुम्ही उलटं करा. बिघडलेला राउटर परत कसा आणायचा हे कळल्याशिवाय फाइलला हात लावू नका. कमांड आणि फाइलची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

राउटर उलटा करा

पहिली पायरी संगणकावर नाही, राउटरच्या पोटाखाली आहे. तळाच्या लेबलवर मॉडेल, सीरियल नंबर, मॅक पत्ता (त्या यंत्राची नेटवर्कवरची ओळख) आणि ॲडॉप्टरचे व्होल्ट लिहिलेले असतात. त्याच लेबलवर बारीक अक्षरात ‘व्हर’ (म्हणजे आवृत्ती) आणि पुढे एक आकडा असतो. सगळा निकाल त्या आकड्यावर लागतो.

टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घ्या. आपल्याकडे हा खूप खपलेला राउटर. त्याच्या आवृत्ती १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे. आवृत्ती १४ मध्ये फ्लॅश ४ आणि रॅम ३२. खोक्यावर नाव तेच, चित्र तेच. पण १३ वर ओपनडब्ल्यूआरटी बसतं आणि १४ वर आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावतच नाही. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या यंत्रांना १९.०७ ही शेवटची मालिका कशीबशी चालली आणि तिला २०२२ पासून सुरक्षेचे पॅच मिळत नाहीत. असा राउटर हातात असेल तर तो शिकण्यापुरता वापरा, घरच्या इंटरनेटच्या तोंडाशी बसवू नका.

म्हणून जुना राउटर विकत घेताना विक्रेत्याला सरळ सांगा, “दादा, तळाच्या लेबलचा फोटो तेवढा पाठवा की.” फोटो पाठवायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका. फोटो मिळाला की ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर ‘टेबल ऑफ हार्डवेअर’ या यादीत मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही जुळवून बघा. किमान ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम हवी. मी १६ आणि १२८ लाच घ्या म्हणेन, कारण ८ एमबीवर मूळ यंत्रणा बसली की पॅकेजांना (वरून घालायच्या जोड-प्रोग्रामांना) जागा जवळजवळ उरत नाही. टीपी-लिंकचा आर्चर सी७ आवृत्ती २ त्या मापात बसतो, शिवाय त्याला यूएसबी पोर्टही आहेत. शाओमीच्या मी राउटर ४सी मध्ये फ्लॅश १६ आणि रॅम ६४ आहे. तो स्वस्त पडतो, पण त्यात शिरायला आधी मूळ फर्मवेअरमधल्या त्रुटीचा वापर करणारी स्क्रिप्ट चालवावी लागते. पहिलाच राउटर असेल तर तो नको.

चिप कुणाची हेही त्याच यादीत दिसतं. मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉस असेल तर बिनधास्त घ्या. ब्रॉडकॉम असेल तर वायफायचे खुले ड्रायव्हर नीट नसल्यामुळे बहुतेक वेळा निराशा होते. तशा राउटरसाठी डीडी-डब्ल्यूआरटी किंवा फ्रेशटोमॅटो हे दुसरं फर्मवेअर बघावं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. केबलवाल्यानं बसवलेला फायबरचा डबा त्याचा असतो, त्याला हात लावायचा नाही. आपले प्रयोग आपल्या मालकीच्या राउटरवर.

परतीच्या तीन वाटा

पहिली वाट फेलसेफ. ओपनडब्ल्यूआरटी नीट बसलेलं आहे, पण तुम्ही सेटिंगमध्ये काहीतरी असं केलंत की आत जाताच येत नाही, अशा वेळी ही कामाला येते. राउटर चालू केल्यावर काही सेकंदांनी दिवा भराभर लुकलुकायला लागतो, त्या क्षणी रिसेटचं बटण दाबायचं. लुकलुकणं आणखी वेगात झालं की फेलसेफ मिळालं. लॅपटॉपला हातानं १९२.१६८.१.२ हा पत्ता द्या, एसएसएचनं (दुसऱ्या यंत्रात शिरून कमांड द्यायच्या पद्धतीनं) १९२.१६८.१.१ वर रूट (मुख्य वापरकर्ता) म्हणून शिरा, ‘फर्स्टबूट’ ही कमांड द्या आणि राउटर पुन्हा चालू करा. सगळी सेटिंग पुसली जाऊन राउटर कोरा होतो.

दुसरी वाट बूटलोडरची, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. फ्लॅश चिपमध्ये फर्मवेअरच्या आधी एक लहान भाग वेगळा असतो, तो बूटलोडर, म्हणजे राउटर चालू होताना सगळ्यांत आधी चालणारा प्रोग्राम. तुम्ही फर्मवेअर कितीही बिघडवलंत तरी तो शाबूत राहतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरमध्ये रिसेट दाबून धरून वीज चालू केली, की बूटलोडर केबलवरून टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीनं ठरलेल्या नावाची फाइल मागतो. आर्चर सी७ आवृत्ती २ ती १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर (म्हणजे लॅपटॉपला द्यायच्या पत्त्यावर) शोधतो, डब्ल्यूआर८४१एन आवृत्ती १३ मात्र १९२.१६८.०.२२५ वर. डी-लिंकच्या कित्येक राउटरमध्ये बूटलोडर स्वतःच एक साधं वेबपान दाखवतो, तिथं फाइल चढवली की झालं. तुमच्या मॉडेलचा पत्ता आणि फाइलचं नाव ओपनडब्ल्यूआरटीच्या त्या मॉडेलच्या पानावर असतं. ते आधी वहीत लिहून घ्या आणि मूळ कंपनीचं फर्मवेअरही उतरवून ठेवा. राउटर बंद पडल्यावर घरात इंटरनेट नसतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

तिसरी वाट सीरियलची. बूटलोडरही ऐकेना, किंवा नेमकं काय चाललंय ते बघायचं असेल, तर राउटर उघडून बोर्डावरचे यूएआरटीचे, म्हणजे सीरियल जोडणीचे, ठिपके शोधायचे. ओळीनं तीन-चार भोकं असतात. त्यांतले टीएक्स (पाठवणारा), आरएक्स (घेणारा) आणि ग्राउंड हे तीनच जोडायचे. राउटरचा टीएक्स यूएसबी-टीटीएल ॲडॉप्टरच्या (राउटरची सीरियल जोडणी संगणकाच्या यूएसबीला देणाऱ्या तुकड्याच्या) आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. चौथी, विजेची तार, व्हीसीसी, जोडायची नाही. राउटरला त्याच्या नेहमीच्या विजेच्या ॲडॉप्टरनंच वीज द्या. यूएसबी-टीटीएल ॲडॉप्टर ३.३ व्होल्टवरच हवा. पाच व्होल्टवर असेल तर चिप जळू शकते. वेग बहुतेक ठिकाणी ११५२०० बॉड. पडद्यावर बूटलोडरच्या ओळी पळायला लागल्या की राउटर आत काय करतोय ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. शेजारीपाजारी इंजिनिअरिंग कॉलेजातलं पोरगं असेल तर त्याच्या प्रोजेक्टच्या डब्यात सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा असा ॲडॉप्टर बहुधा सापडेल.

फाइल निवडणं

ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर ‘फर्मवेअर सिलेक्टर’ आहे. मॉडेल आणि आवृत्ती टाका, फाइल समोर येतात. ‘फॅक्टरी’ ही कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना वापरायची. ‘सिसअपग्रेड’ ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरसाठी. काही मॉडेलना ‘टीएफटीपी-रिकव्हरी’ नावाची तिसरी फाइल असते. चुकीची फाइल चुकीच्या ठिकाणी चढवणं हे राउटर बंद पडण्याचं नेहमीचं कारण, म्हणून नाव पुन्हा एकदा वाचा.

प्रत्येक फाइलशेजारी शा२५६ चा लांबलचक आकडा असतो, फाइल जशीच्या तशी उतरली का ते तपासायला. उतरवलेल्या फाइलचा आकडा लिनक्सवर ‘शा२५६सम’ कमांडनं, विंडोजवर ‘सर्टयूटिल’नं काढून दोन्ही जुळवा. गावात नेट मधेच तुटतं आणि अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण असल्यासारखीच दिसते.

८ एमबीच्या राउटरसाठी एक युक्ती सांगतो. सिलेक्टरमध्येच ‘कस्टमाइझ’ असा भाग आहे. हवी ती पॅकेजं तिथंच यादीत घालून स्वतःची फाइल बनवून घ्या. फर्मवेअरच्या मुख्य भागात पॅकेज जास्त दाबून बसतं, त्यामुळे नंतर वरून टाकण्यापेक्षा जागा कमी लागते. नको असलेली पॅकेजंही तिथंच वगळा. फ्लॅश केल्यानंतर मूळ पॅकेज काढून टाकलं तरी जागा मोकळी होत नाही.

प्रत्यक्ष फ्लॅशिंग

वीज भरवशाची हवी. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात करंट कधी जाईल सांगता येत नाही, बेळगाव शहरातही वळवात तेच. राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस लावा. व्होल्ट जुळतात का ते बघा, कारण काही राउटर ९ व्होल्टचे असतात आणि काही १२ चे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू दे, त्याचं वायफाय बंद असू दे. हे काम नेहमी केबलनं, लॅन पोर्टातून (घरातली यंत्रं जोडायच्या पोर्टातून). फ्लॅश लिहिली जात असताना वीज गेली तर दुसऱ्या वाटेनं परत येता येतं, पण ती वेळ कशाला आणा?

ज्या राउटरचं मूळ वेबपान फॅक्टरी फाइल स्वीकारतं, तिथं काम सोपं आहे. कंपनीच्या पानावर फर्मवेअर अपग्रेडमध्ये जा, फाइल द्या आणि पाच मिनिटं हात बांधून बसा. पहिल्या वेळी ओपनडब्ल्यूआरटी स्वतःची साठवण तयार करतं, त्याला वेळ लागतो. दिवा स्थिर होईपर्यंत वायर काढायची नाही.

डब्ल्यूआर८४१एन आवृत्ती १३ ला टीएफटीपीनंच जावं लागतं. लॅपटॉपला १९२.१६८.०.२२५ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. टीएफटीपी-रिकव्हरी फाइलचं नाव बदलून ‘टीपी_रिकव्हरी.बिन’ करा, सगळं लहान लिपीत. विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा प्रोग्राम उघडा, ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो दाखवा आणि फायरवॉल तेवढ्यापुरतं बंद करा. मग राउटर बंद करा, रिसेट दाबून धरा, बटण न सोडता वीज चालू करा आणि सहा-सात सेकंद धरून ठेवा. प्रोग्रामच्या खिडकीत फाइल जात असल्याची पट्टी दिसली की बटण सोडा.

पट्टी दिसलीच नाही तर बहुतेक दोष लॅपटॉपच्या बाजूला असतो. राउटर बंद-चालू होताना लॅपटॉपचा पोर्टही झोपतो आणि जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेतो, तेवढ्यात बूटलोडर फाइल मागून मोकळा झालेला असतो. लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये एक साधा नेटवर्क स्विच ठेवा. लॅपटॉपचा पोर्ट सतत जागा राहतो आणि फाइल पहिल्या हाकेला जाते. ही युक्ती माहीत नसल्यामुळे चांगले राउटर मेले म्हणून कोपऱ्यात पडतात.

पहिला अर्धा तास

लॅपटॉपचा पत्ता पुन्हा आपोआप वर ठेवा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लुसी नावाचं ओपनडब्ल्यूआरटीचं सेटिंगचं पान येईल. रूटला पासवर्ड नसतो, तो आधी ठेवा.

लगेच ‘सिस्टम’मधल्या ‘बॅकअप / फ्लॅश फर्मवेअर’ पानावर जा. तिथं एमटीडीब्लॉकचा (फ्लॅश चिपच्या एकेका भागाचा) मजकूर उतरवायची सोय आहे. ‘फॅक्टरी’, ‘आर्ट’ किंवा ‘रेडिओ’ अशा नावाचा जो भाग असेल तो उतरवून मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. तुमच्या राउटरच्या रेडिओची जुळणी आणि बहुधा मॅक पत्ताही त्यात असतो. तो प्रत्येक राउटरचा वेगळा. तो पुसला गेला तर दुसरीकडून आणता येत नाही आणि वायफाय कायमचं अशक्त होतं.

वायफाय सुरुवातीला बंदच असतं, राउटर बिघडला असं समजू नका. ‘नेटवर्क’मधल्या ‘वायरलेस’मध्ये देशाचा कोड आयएन निवडा, म्हणजे भारतात परवानगी असलेले चॅनेल आणि शक्ती लागू होते. डब्ल्यूपीए२ निवडून बरा पासवर्ड ठेवा. नाव देवनागरीत ठेवता येतं, आणि ठेवाच. फक्त मर्यादा ३२ बाइटची आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्राही, ३ बाइट खातं. ‘बेळगाव’ १८ बाइटमध्ये बसतं, ‘खानापूर’ २१ मध्ये, ‘नमस्कार मंडळी’ मात्र ३७ होतं आणि बाहेर पडतं. लुसीसाठी मराठी भाषेचं पॅकेजही आहे आणि वेबलेट या अनुवादाच्या संकेतस्थळावर कुणालाही अनुवादात भर घालता येते.

आता इंटरनेट. फायबरचा डबाही पुष्कळदा १९२.१६८.१.१ च वापरतो. दोघांचा पत्ता एकच झाला की काहीच चालत नाही, म्हणून ओपनडब्ल्यूआरटीचा लॅन पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी करा. हे करताना लुसी ९० सेकंद वाट बघते. तेवढ्यात नव्या पत्त्यावरून तुम्ही परत दिसला नाहीत तर ती जुनी सेटिंग आपोआप परत आणते. तुम्ही स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून ही सोय आहे. पत्ताच बदलायचा असेल तेव्हा नंतर येणाऱ्या खिडकीत ‘अप्लाय अनचेक्ड’ निवडा.

केबलवाल्याचा डबा ब्रिज मोडवर (जोडणी नुसती पुढे देणारा) असेल तर पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन करायची जोडणी, लागतं. “अण्णा, युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर तेवढा सांगा की,” एवढं विचारलंत तर बहुतेक जण सांगतात. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर किंवा स्विचमध्ये पाडलेलं वेगळं नेटवर्क. जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधलेली असेल तर तो पत्ता नव्या राउटरच्या वॅनला (बाहेरून इंटरनेट येतं त्या पोर्टाला) द्या.

जळालेला वॅन पोर्ट

आपल्या भागासाठी मला ही सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. दोन घरांमध्ये तांब्याची केबल ओढलेली असते, वळवात वीज पडते आणि नेमका वॅन पोर्ट जातो. दुकानदार सांगतो, बोर्ड गेला. पण आतला स्विच शाबूत असेल तर बाकीचे चार पोर्ट चालतात, आणि वॅन म्हणजे कोणता पोर्ट हे शेवटी सॉफ्टवेअरच ठरवतं.

८४१एन सारख्या राउटरवर ‘नेटवर्क’मध्ये ‘स्विच’ पान उघडा. व्हीलॅन १ मध्ये लॅन ४ ‘ऑफ’ करा, व्हीलॅन २ मध्ये तोच ‘अनटॅग्ड’ करा. साठवा, फायबरची केबल लॅन ४ मध्ये घाला. नव्या चिपांवर हे पान नसतं. तिथं ‘इंटरफेसेस’मधल्या ‘डिव्हायसेस’मध्ये जाऊन बीआर-लॅनमधून (लॅन पोर्टांच्या गटातून) लॅन४ काढा आणि वॅन इंटरफेसला लॅन४ हे डिव्हाइस द्या. राउटर पुन्हा पहिल्यासारखा चालतो. पुढच्या वळवाआधी ती तांब्याची केबल काढून फायबर ओढता आली तर बघा, नाहीतर गडगडायला लागलं की दोन्ही टोकं उपसून ठेवा.

जांभ्याच्या भिंती

खानापूरकडच्या जुन्या घरांत जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतात. सोप्यातलं वायफाय माजघरात जात नाही, आणि ५ गिगाहर्ट्झ तर अजिबात नाही. दुसरा राउटर रिपीटर (हवेतूनच सिग्नल पुढे देणारा) करून ठेवण्यापेक्षा केबल ओढा आणि त्याला फक्त ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) करा. लॅन इंटरफेसचा पत्ता मुख्य राउटरच्याच ओळीतला पण वेगळा, मुख्य १९२.१६८.५.१ असेल तर १९२.१६८.५.२, आणि डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटायच्या सोयीच्या) भागात ‘इग्नोर इंटरफेस’वर खूण. केबल वॅनमध्ये न घालता लॅनमध्ये घाला. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच ठेवा, चॅनेल वेगळे ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकीच निवडा.

क्लास चालू आणि डाउनलोडही चालू

पोराचा ऑनलाइन क्लास चाललाय आणि दुसऱ्या खोलीत कुणी व्हिडिओ चढवायला लागलं की आवाज तुटतो. वेग कमी नसतो, डेटाची रांग लांब झालेली असते. यावर एसक्यूएम, म्हणजे ही रांग आखूड ठेवणारी सोय, आहे. ‘लुसी-ॲप-एसक्यूएम’ पॅकेज घाला (२४.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत ओपीकेजी या कमांडनं, पुढच्या आवृत्त्यांत एपीके या कमांडनं). केबलनं खरा वेग मोजा आणि त्याच्या नव्वद टक्के आकडा भरा. ४० एमबीपीएस मिळत असेल तर ३६०००, कारण तिथं एकक केबीपीएस आहे. अपलोडचा आकडाही असाच भरा. रांगेसाठी केक ही पद्धत निवडा. फ्लो ऑफलोडिंग (प्रोसेसरचा भार कमी करणारी सोय) चालू असेल तर बंद करा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. जुन्या सिंगल कोर प्रोसेसरला १०० एमबीपीएसची योजना या मार्गानं बऱ्याचदा पेलत नाही, तिथं एमटी७६२१ सारखी दोन कोरची चिप बघा.

नेट नसलेलं वाचनालय

यूएसबी पोर्ट असलेला राउटर असेल तर हे करून बघाच. यूएसबी साठवणुकीची पॅकेजं आणि ‘ब्लॉक-माउंट’ घाला, पेन ड्राइव्ह जोडा आणि त्यातल्या फोल्डरचा दुवा राउटरच्या वेब फोल्डरमध्ये द्या. त्यात मराठी विकिस्रोतावरची मुक्त पुस्तकं ईपब करून ठेवा, कन्नड विकिस्रोतावरचीही ठेवा. आपल्या पोरांना दोन्ही वाचता आली पाहिजेत. गल्लीतल्या वाचनालयात किंवा गणपतीच्या मांडवात हा डबा मिनी यूपीएसवर ठेवला, की नेटशिवाय, कुणाचा डेटा न खाता, फोनवर पुस्तकं उतरतात. याला पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवा आणि त्याला घरच्या नेटवर्कशी जोडू नका. व्यवस्थापनाचं पान त्या वायफायवरून उघडणार नाही असा फायरवॉलचा नियमही घाला.

नवीन आवृत्ती आली की सिसअपग्रेड फाइल घेऊन ‘बॅकअप / फ्लॅश फर्मवेअर’मधूनच चढवा. सेटिंग ठेवायची की नाही ते तिथंच विचारलं जातं. मोठ्या आवृत्तीवरून मोठ्या आवृत्तीवर जाताना आधी बॅकअप उतरवा आणि त्या आवृत्तीच्या सूचना वाचा. वरून घातलेली पॅकेजं पुन्हा घालावी लागतात, म्हणून त्यांची यादी, लॅनचा नवा पत्ता आणि टीएफटीपीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या तळाला, मूळ लेबल झाकलं जाणार नाही अशा बेतानं चिकटवून ठेवा.